एकास बारा की बारा अंश? मोटारसायकलचा उतार आणि शाळेचा रॅम्प

ओट्यावर मोटारसायकल चढवायला केलेला सिमेंटचा उतार मराठवाड्यात गल्लोगल्ली दिसतो. गवंड्याच्या हातात तो बसलेला असतो. म्हणूनच जिल्हा परिषदेच्या शाळेत रॅम्प करायचा म्हटलं की तोच उतार जरा रुंद करून ओततात, भिंतीवर व्हीलचेअरचं चित्र काढतात आणि काम झालं म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) अनुसूचीत शाळेला अडथळाविरहित प्रवेश सांगितला आहे. असल्या उतारानं तो मिळत नाही.

मोटारसायकल इंजिनाच्या जोरावर चढते, व्हीलचेअर मुलाच्या दोन हातांवर. त्यासाठी चढाचं प्रमाण जास्तीत जास्त एकास बारा: उंची 1, तर आडवी लांबी 12. घोळ होतो तो इथंच. ‘बारा’ कानावर पडलं की कोणी 12 टक्के धरतं, कोणी 12 अंश. एकास बारा म्हणजे 8.3 टक्के, जेमतेम 4.8 अंश.

जोतं 60 सेमी उंच धरा. एकास बारानं रॅम्पची लांबी येते 7.2 मीटर, 12 टक्क्यांनी 5 मीटर आणि 12 अंशांनी फक्त 2.8 मीटर. मूल आणि खुर्ची मिळून 45 किलो असतील, तर एकास बाराच्या चढावर पावणेचार किलोचा जोर सतत लावावा लागतो. 12 अंशांवर नऊ किलोच्या वर. चौथीतल्या मुलाचे हात एवढा जोर पुरवू शकत नाहीत. मागून ढकलणारं कोणी असलं तरी चढताना खुर्ची मागे कलंडायची भीती, उतरताना हातातून सुटायची.

तपासणी सोपी आहे. 120 सेमीची सरळ फळी घ्या. वरचं टोक उतारावर टेकवा, खालचं उचलून पाणसळीनं फळी आडवी करा आणि त्या टोकाखालची फट मोजा. 10 सेमीपर्यंत असेल तर ठीक. 25 सेमी आली तर तो 12 अंशांचा उतार आहे, तो फोडावाच लागेल. ही फळी काँक्रीट पडायच्या आधी, भरावावर लावा.

‘जागा नाही’ हे उत्तर पटण्यासारखं नाही. वर आणि खाली 1.5 मीटरचा सपाट थांबा धरून सरळ रॅम्पला 10.2 मीटर लागतात. तेवढी जागा नसेल तर 3.6 मीटरचे दोन पट्टे करून मध्ये सपाट वळण द्या. अंदाजपत्रकात नुसतं ‘रॅम्प 1 नग’ लिहू नका. जोत्याची उंची, लांबी आणि प्रमाण लिहा.

बाकीचं थोडक्यात. रुंदी 1.2 मीटर, दोन्ही कडांना 10 सेमीची कड. कठड्याचे पाइप दोन उंचींवर, 90 सेमी आणि लहान मुलांसाठी 70 सेमीच्या आसपास. रंगवलेलेच बसवा, उघडं स्टील एप्रिलच्या उन्हात धरवत नाही. पृष्ठभाग खराट्यानं खरबरीत करावा. मोटारसायकलच्या उतारावर काढतात तसल्या आडव्या पट्ट्या इथं अजिबात नकोत, पुढची छोटी चाकं प्रत्येक पट्टीला अडकतात.

काळ्या मातीवर थेट भराव टाकू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मग रॅम्प खचतो आणि जोत्याशी पायरी तयार होते. दोन सेमीच्या पायरीलाही छोटं चाक अडतं. काळी माती काढून मुरूम 15-15 सेमीच्या थरांत, पाणी मारून धुमसा. रॅम्प आणि जोतं यांच्यामध्ये सांधा सोडा आणि तो लवचीक भरणीनं बुजवा, सिमेंटनं नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर तिथं पुन्हा पाणसळ लावून बघा.