वीज गेली, आयपी नाही गेला

उन्हाळा लागला की सोलापुरात वीज जाते आणि व्हॉट्सॲपवर सल्ले येतात. त्यातला एक हमखास फिरणारा : रोज रात्री झोपताना राउटर बंद करा, सकाळी नवा आयपी मिळतो आणि हॅकरला तुमचं घर सापडत नाही. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'सर्वांना पाठवा'. मग कुणी जुळे सोलापुरातून लिहितो, 'खरंय, माझा रोज बदलतो.' विजापूर रोडवरचा दुसरा म्हणतो, 'काहीतरीच! माझा वर्षभर तोच आहे.' गंमत म्हणजे दोघांपैकी कुणीही थापा मारत नसतो.

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवर तुमची जोडणी ओळखणारा, ३२ बिटांचा (शून्य-एकच्या ३२ घरांचा) एक आकडा. वाचायला सोपं जावं म्हणून त्याचे चार तुकडे करून, प्रत्येक ० ते २५५ मध्ये लिहितात. असे एकूण आकडे होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. १९८१ मध्ये ही मांडणी ठरली तेव्हा एवढे पत्ते संपतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेल कंपनीकडून ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला विकत घेतले. एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर पडले. इतकी महाग वस्तू केबलवाला गिऱ्हाइकाच्या नावावर कायमची करून देत नाही, भाड्याने देतो.

हे भाडं ठरवायची एक रीत म्हणजे डीएचसीपी. माझ्या मते इंटरनेटच्या साऱ्या कारभारात याहून देखणा नियम नाही. राउटर चालू झाला की त्याला स्वतःचा पत्ता नसतो आणि पत्ते वाटणारा कंपनीचा संगणक, म्हणजे सर्व्हर, कुठे आहे हेही ठाऊक नसतं. म्हणून तो ०.०.०.० या नावाने २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे आवाज पोचेल त्या सगळ्यांना, हाक मारतो. सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, राउटर तोच मागतो, सर्व्हर शिक्कामोर्तब करतो. चार निरोपांत व्यवहार आटोपतो. सर्व्हर कदाचित दुसऱ्या शहरात असतो. मधलं यंत्र हाक पुढे पाठवताना ती कोणत्या भागातून आली याचा शिक्का मारतं आणि त्या भागासाठी राखलेल्या गठ्ठ्यातून पत्ता निघतो.

खरी मेख भाड्याच्या मुदतीत आहे. समजा मुदत २४ तासांची आहे. राउटर ती संपायची वाट बघत नाही. निम्मी मुदत सरली, म्हणजे १२ तास झाले, की तो त्याच सर्व्हरला विचारतो : वाढवू का? होकार आला की घड्याळ पुन्हा २४ वर. उत्तर नाही आलं तर अधूनमधून विचारत राहतो. साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत, म्हणजे २१ तास, उलटले तरी सगळं सामसूम असेल, तर जो कुणी सर्व्हर ऐकेल त्याला हाक मारतो. २४ तास भरले की मात्र पत्ता सोडावाच लागतो.

आता थोडं गणित करा. सगळं सुरळीत असेल तर नूतनीकरण निम्म्यावरच होतं. म्हणजे कोणत्याही क्षणी तुमच्या हातात निदान निम्मी मुदत शिल्लक असते. वीज दोन तास जावो की दहा, बारा तासांच्या आत ती आली तर भाडं चालूच असतं. प्लग उपटताना राउटरला 'पत्ता परत घ्या' असा निरोप द्यायला वेळच मिळत नाही, त्यामुळे सर्व्हरच्या वहीत खोली अजून तुमच्याच नावावर असते. वीज आली की बरेच राउटर नवा पत्ता मागतसुद्धा नाहीत, आठवणीतला जुनाच मागतात. आणि मुदत उलटून गेली असली, तरी तो पत्ता मधल्या काळात दुसऱ्या कुणाला गेला नसेल तर सर्व्हर जमेल तेव्हा जुन्या गिऱ्हाइकाला जुनाच देतो, नियमांतच तसं सुचवलेलं आहे. विजापूर रोडवाल्याचं हे असं आहे. त्याचा पत्ता बदलेल तो त्याने राउटर नवा घेतला तर, कारण सर्व्हर बहुधा राउटरच्या मॅक क्रमांकावरून, म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेल्या ओळख-क्रमांकावरून, गिऱ्हाईक ओळखतो. नाहीतर कंपनीने त्याच्या भागाची फेरमांडणी केली तर.

जुळे सोलापूरवाल्याकडे पीपीपीओई नावाची, लॉगिन करून जोडायची पद्धत आहे. आपल्याकडचे बरेच केबलवाले हीच पद्धत वापरतात. जोडणी करणारा पोरगा राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकतो ना, ती ही. इथे भाडं मुदतीचं नसून बैठकीचं, म्हणजे लॉगिनपासून जोडणी तुटेपर्यंतचं, असतं. राउटर लॉगिन करतो, पलीकडचा रेडियस नावाचा खाती तपासणारा सर्व्हर पासवर्ड आणि थकबाकी दोन्ही तपासतो, मग पत्ता मिळतो. बैठक तुटली की पत्ता लगेच साठ्यात परत जातो आणि पुढच्या लॉगिनला जो मोकळा असेल तो हाती येतो. वीज मिनिटभर गेली तरी हेच.

म्हणजे तुमचा पत्ता बदलतो? बहुतेकांचा जो बदलतो तो मुळात त्यांचा नसतोच. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही कॅरियर-ग्रेड नॅटच्या, म्हणजे एकच पत्ता अनेकांत वाटणाऱ्या कंपनीच्या यंत्राच्या, मागे आहात. २०१२ मध्ये हे पत्ते खास याच कामासाठी बाजूला काढले. बाहेरच्या जगाला दिसणारा पब्लिक आयपी एकच आणि त्यामागे अनेक घरं. वेगळेपण राहतं ते पोर्ट क्रमांकात, म्हणजे पत्त्यापुढे लागणाऱ्या दार-क्रमांकात. पोर्ट एकूण ६५,५३६. पहिले १,०२४ सोडले आणि उरलेले ६४ घरांना वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १,००८ येतात. नवी पेठेतल्या दुकानदाराला घरून दुकानाचा कॅमेरा थेट उघडता येत नाही तो याच कारणाने : बाहेरून आलेली हाक त्या घरांपैकी कुणाची हे नॅटला कळायला मार्ग नसतो. त्यासाठी महिन्याला जादा पैसे मोजून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा पत्ता, घ्यावा लागतो.

पोलिसांची अडचण तर याहून मोठी. नुसत्या आयपीवरून घर सापडत नाही. अचूक वेळ आणि पोर्टही लागतो. सर्व्हरच्या नोंदी बऱ्याचदा जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवायला विसरलं की भलत्याच्याच दारात जीप. भारतात अशा नोंदी १८० दिवस ठेवायचा आदेश सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये काढला. 'आयपीवरून ठिकाण शोधा' म्हणणाऱ्या साइटी सोलापूरकराला सर्रास मुंबई किंवा पुण्यात बसवतात. अमेरिकेत अशाच एका माहितीसाठ्याने ठिकाण न कळलेले ६० कोटींहून जास्त पत्ते कॅन्ससमधल्या एका शेतघराच्या माथी मारले होते. तिथे वर्षानुवर्षं पोलीस आणि चिडलेले लोक येत राहिले. ही गोष्ट उघडकीला आली २०१६ मध्ये.

तेव्हा रात्री राउटर बंद करणं आणि दुकानाला लिंबू-मिरची बांधणं, हॅकरपुढे दोन्हींची ताकद सारखीच. घरं शोधत कुणी फिरत नसतं. साऱ्या पत्त्यांवर आपोआप टकटक करत जाणारे प्रोग्रॅम असतात, नवा पत्ता घेतलात तर त्याच्यावरही करतात. राउटरचा 'ॲडमिन-ॲडमिन' पासवर्ड बदललात तर काही उपयोग. 'तुमचा आयपी उघडा पडलाय!' म्हणून घाबरवणाऱ्या व्हीपीएनच्या, म्हणजे पत्ता झाकून देणाऱ्या सेवेच्या, जाहिरातींचंही तेच. पत्ता उघडा नसेल तर उत्तर परत येणार कुठे?

आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा आहे, त्यामुळे टंचाई नाही आणि वाटून घ्यायची गरज नाही. कंपनी घराला फक्त पुढचा भाग देते. मागचे ६४ बिट फोन किंवा लॅपटॉप स्वतः ठरवतो आणि खासगीपणासाठी साधारण रोज नवे घेतो. मोबाइल डेटावर हे बहुतेकांकडे आधीपासून चालू आहे. म्हणजे व्हॉट्सॲपवाल्यांना जो रोजचा बदल हवा होता तो राउटरला हात न लावता होतोय, फक्त पुढचा भाग, म्हणजे घर ओळखू येणारा भाग, त्यात तसाच राहतो.