नजर इथे, लक्ष तिथे : मध्यमेंदूच्या शोधाची पार्श्वभूमी

उत्तरायणाच्या दिवशी वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या कुठल्याही गच्चीवर हे दिसतं. पेच लावणाऱ्याची नजर स्वतःच्या पतंगावर खिळलेली असते. तेवढ्यात डावीकडून कुणाचा तरी लाल पतंग आपल्या मांज्यावर उतरू लागतो. मान वळत नाही, डोळे हलत नाहीत, तरी ते कळतं आणि हात ढील देतो. नजर आणि लक्ष हे दोन शब्द मराठीनं कधीच वेगळे केले. मेंदूत ही दोन कामं किती वेगळी आहेत, यावर मात्र संशोधक अनेक दशकं वाद घालत राहिले. त्या वादाच्या केंद्रस्थानी होती मध्यमेंदूच्या पाठीवरची, साधारण वाटाण्याएवढ्या उंचवट्यांची एक जोडी : सुपीरियर कॉलिक्युलस. कॉलिक्युलस म्हणजे लॅटिनमध्ये छोटी टेकडी.

उत्क्रांतीच्या हिशेबात हा भाग फार जुना. बेडूक माशीवर झेपावतो तो याच भागाच्या जोरावर. त्याच्यात याला टेक्टम म्हणतात. माकडात आणि माणसात बाह्यमेंदू, म्हणजे मेंदूचं बाहेरचं घड्यांचं आवरण, एवढा वाढला की ही टेकडी त्याखाली झाकली गेली. तिचं महत्त्वही झाकलं गेलं ते बहुधा यामुळेच, असं मला वाटतं.

सुरुवात डोळ्यांच्या हालचालींपासून झाली. 1870 मध्ये आडाम्युक यांनी प्राण्यांच्या या उंचवट्यांना विजेचा हलका झटका दिला आणि दोन्ही डोळे विरुद्ध बाजूला वळले. पुढची मोठी झेप आली ती शंभर वर्षांनी. अमेरिकेत बेथेस्डा इथे रॉबर्ट वुर्ट्झ यांनी जागं, शिकवलेलं माकड काम करत असतानाच त्याच्या एकेका चेतापेशीचे संदेश टिपण्याचं तंत्र बसवलं. 1972 मध्ये त्यांना आणि मायकेल गोल्डबर्ग यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. पडद्यावरचा ठिपका तोच, पण माकड त्याच्याकडे डोळे वळवण्याच्या बेतात असलं की पेशी जास्त जोरात प्रतिसाद देते. त्याच वर्षी डेव्हिड रॉबिन्सन यांनी दाखवलं की इथे चक्क नकाशा आहे : नकाशावर जिथे विद्युतप्रवाह द्याल, त्यावरून डोळे कुठल्या दिशेला आणि किती उडी घेणार हे ठरतं.

मग हे लक्षाचं केंद्र म्हणायचं का? 1976 मध्ये वुर्ट्झ आणि मोहलर यांनी माकडाला डोळे स्थिर ठेवून, ठिपक्यातला बदल हातानं कळवायला लावलं. वरच्या थरातल्या पेशींचा वाढीव प्रतिसाद नाहीसा झाला. निष्कर्ष सरळ होता : ही टेकडी डोळे हलवते, लक्ष ही बाह्यमेंदूची बाब. 1985 मध्ये मोरन आणि डेसिमोन यांनी बाह्यमेंदूतल्या पेशींवर लक्षाचा ठळक परिणाम दाखवल्यावर तर सगळ्यांचा मोर्चा तिकडेच वळला.

पण रुग्णांकडून वेगळी साक्ष मिळत होती. आमच्या शेजारचे एक काका जिना उतरताना वरचेवर पडू लागले. ताटात उजवीकडे वाढलेली भाजी तशीच राहायची, आमटी शर्टावर सांडायची. 'लक्ष कुठे असतं हो तुमचं?' काकू म्हणायच्या. दोनदा चष्म्याचा नंबर बदलून झाला. बऱ्याच उशिरा नाव कळलं : प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. 1964 मध्ये स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी वर्णन केलेल्या या आजारात मध्यमेंदू झिजतो आणि नजर खाली नेणं विशेष अवघड होतं. मायकेल पोस्नर आणि रॉबर्ट राफल यांनी 1980 च्या दशकात अशा रुग्णांना तपासलं, तेव्हा डोळे न हलवता नुसतं लक्ष सरकवायलाही त्यांना वेळ लागत होता, वर-खाली दिशेत जास्तच. काकूंचा प्रश्न शब्दशः खरा होता, फक्त दोष काकांचा नव्हता.

2004 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगनमधल्या पीटर थिअर यांच्या गटाला माकडाच्या याच भागात, डोळे स्थिर असतानाही लक्षाबरोबर सक्रिय होणाऱ्या पेशी सापडल्या. निर्णायक प्रयोग मात्र 2010 चा, लव्हजॉय आणि क्राउझलिस यांचा. त्यांनी मस्किमोल हे औषध टोचून टेकडीचा छोटासा भाग काही काळ निपचित केला. नजर मधोमध ठेवून, खुणेनं सांगितलेल्या जागी ठिपके कुठे सरकतात ते माकडानं कळवायचं होतं. निपचित केलेला भाग जी जागा सांभाळतो, तिथली खूण असली की माकड भलत्याच जागच्या ठिपक्यांवरून उत्तर देऊ लागलं, उत्तर डोळ्यांनी द्यायचं असो की बटण दाबून. दिसत होतं, पण निवड चुकत होती.

2012 मध्ये झेनॉन आणि क्राउझलिस यांनी याहून चकित करणारी गोष्ट दाखवली. टेकडी निपचित, माकड चुकतंय, आणि तरीही बाह्यमेंदूतल्या हालचाल टिपणाऱ्या पेशींवर लक्षाचा नेहमीचा ठसा शाबूत! म्हणजे ज्या ठशाला आपण लक्षाचा पुरावा मानत आलो, तो असूनही लक्ष हरवू शकतं. मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा धक्का वाटतो.

यातून नवा प्रश्न उभा राहिला : ही टेकडी दिसणं अधिक स्पष्ट करते, की कुठल्या जागेला कौल द्यायचा ते ठरवते? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत श्रीधरन देवराजन यांचा गट याच प्रश्नावर काम करतो. 2019 मध्ये त्यांनी माणसांच्या मेंदूतल्या तंतूंच्या जोडण्या मोजल्या. टेकडी आणि बाह्यमेंदू यांच्यातल्या जोडणीचा संबंध त्यांना स्पष्ट दिसण्याशी नव्हे, तर कौल कुठे झुकतो त्याच्याशी आढळला.