डोमिनो जाळीत का येत नाही

आमच्या पाचपाखाडीच्या घरातली टाकी चार फुटांची, साधारण 300 लिटर खाऱ्या पाण्याची. तीन वर्षांपूर्वी तिच्यात डोमिनो डॅमसेल हा मासा सोडला तेव्हा तो जेमतेम इंचभर होता. मखमली काळा, दोन्ही कुशींवर एकेक आणि कपाळावर एक असे तीन पांढरे ठिपके. दुकानात तो बहुधा याच वयात मिळतो, म्हणून फसायला होतं. समुद्रात याची पिल्लं समुद्रफुलांच्या आडोशाला राहतात, पण मोठा मासा 14 सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि आपला इलाका राखायला लागतो. समुद्रात हरलेल्या माशाला दूर निघून जाता येतं. चार फुटांत जाणार कुठे? गेल्या पावसाळ्यात आमच्या क्लाउनफिशची मादी दिवसभर पंपामागच्या कोपऱ्यात उभी राहू लागली. शेपटीचा पर फाटलेला, खायलाही बाहेर येईना. डोमिनोला काढायचं ठरलं.

पहिल्या संध्याकाळी मी दोन तास जाळी फिरवली आणि तो एकदाही हातभर अंतरात आला नाही. माशाच्या कुशीवर, डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदी रेषा असते. तिच्यात सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या पेशींचे पुंजके असतात, आणि प्रत्येक पुंजक्यावर जेलीसारखी टोपी. पाणी जरा हललं की टोपी वाकते आणि माशाला कळतं. आपल्या कानाच्या आतल्या भागात ऐकण्याचं काम करणाऱ्या पेशी याच जातीच्या आहेत. आता बादलीभर पाण्यात पंजा आडवा धरून ढकलून बघा, हाताच्या पुढचं पाणी आधी सरकतं. जाळीचंही तसंच, आणि वीण जितकी बारीक तितका पुढचा दाब जास्त. जाळी अंगाशी येण्याआधी तिची वर्दी पोचलेली असते.

वर्दी मिळाल्यावर पळायला तो किती वेळ घेतो? माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात दोन मोठ्या चेतापेशी असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. लुडविग माउथनर यांनी 1859 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माउथनर पेशी म्हणतात. धोक्याच्या बाजूची पेशी एकदाच पेटते, विरुद्ध बाजूचे सगळे स्नायू एकदम आखडतात, शरीर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखं वाकतं आणि मासा सुटतो. हालचाल सुरू व्हायला सुमारे 10 मिलिसेकंद पुरतात. आपल्याला डोळ्यांनी पाहून हात हलवायला 200 च्या आसपास लागतात. ही शर्यत माणसाने लावायचीच नाही.

शिवाय मासा शिकतो. ऑस्ट्रेलियातले संशोधक कलम ब्राउन यांनी टाकीतून जाळं ओढून रेनबोफिशची परीक्षा घेतली. जाळ्याला मधोमध एक भोक ठेवलं होतं. पाच खेपांत मासे ते भोक गाठायला शिकले, आणि 11 महिन्यांनी पुन्हा जाळं ओढलं तेव्हाही त्यांना ते आठवत होतं. म्हणजे माझी प्रत्येक फसलेली फेरी ही डोमिनोची शिकवणी होती.

दगड उपसणं हा सोपा वाटणारा उपाय मी बाजूला ठेवला. आमच्या टाकीत 25 किलो दगड आणि त्यावर मऊ प्रवाळ आहेत. (दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. समुद्रातून उचललेलं प्रवाळ कुणी देऊ केलं तर घेऊ नका.) दगडांखालच्या जाड वाळूत प्राणवायू पोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचलेला असू शकतो. ती वाळू ढवळली तर एका माशापायी सगळी टाकी जायची. काही जण बारीक गळ टाकतात. मला ते पटत नाही, दुसऱ्या घरी धडधाकट जायला हवा ना तो.

वाट दाखवली ती चेंदणी कोळीवाड्यातल्या आमच्या ओळखीच्या काकांनी. टाकीपुढे बराच वेळ उभे राहून ते म्हणाले, “पोरी, पाग टाकायला मोकळं पाणी लागतं, इथं सगळा दगड. डोल कसा लावतात? जाळं एका जागी उभं करायचं. मासा आपणहून येतो.” पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं, डोल म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेलं. डोलीत मासा भरती-ओहोटीच्या ओढीने येतो. माझ्या टाकीत ओढ होती ती भुकेची.

मग अ‍ॅक्रिलिकची पेटी करून घेतली, फूटभर लांब, एका तोंडाला वर-खाली सरकणारं दार, दाराला तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी. अ‍ॅक्रिलिकच का, त्याला कारण आहे. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचं माप, 1.49, पाण्याचा 1.33, हवेचा 1. दोन माध्यमांतला फरक जितका कमी तितका प्रकाश कमी परततो. हवेत या पेटीच्या पृष्ठभागावरून समोरून पडलेल्या प्रकाशातला जवळपास 4 टक्के परत फिरतो, पाण्यात 0.3 टक्के. टाकीत उतरवली तेव्हा ती माझ्याच डोळ्यांसमोर पुसट होत गेली, कडा तेवढ्या राहिल्या.

पहिले दोन दिवस पेटी नुसती ठेवली, दार उघडं. तिसऱ्या दिवशी तोंडाशी कोलंबीचा बारीक तुकडा, चौथ्या दिवशी उंबऱ्याच्या आत, मग रोज थोडा खोल. बाकी टाकीत खाणं अगदी कमी केलं. आधी क्लाउनफिशचा नर आत शिरला, खाऊन बाहेर आला. तो शिरला तेव्हा दार पाडायचा मोह आवरणं महत्त्वाचं होतं, कारण दाराचा धक्का डोमिनोने एकदा अनुभवला की पेटी संपली. सातव्या दिवशी डोमिनो अर्धा आत गेला आणि मागे फिरला. नवव्या दिवशी सकाळी थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि तुकडा तोंडात धरला. मी तंगूस सोडली. दार आपल्या वजनाने पडलं.

त्याला खाडीत सोडू या, असं भाचा म्हणाला. ठाण्याच्या खाडीचं पाणी गढूळ, पावसाळ्यात त्याचा खारटपणा उतरतो, प्रवाळातला मासा तिथे जगणार नाही. आणि जगला असता तरी पाळलेला मासा मोकळ्या पाण्यात सोडू नये. अटलांटिकमध्ये लायनफिश पसरला आहे, तो मुळात तिथला नव्हेच.

ऐरोलीच्या एका मित्राची सहा फुटी टाकी आहे, तिच्यात त्याच्या तोडीचे मासे आहेत. तिथे नेण्याआधी बादलीत त्याला पहिल्यांदाच वरून, इतक्या जवळून पाहिलं. कुशींवरचे ठिपके फिकट राखाडी झाले होते आणि कपाळावरचा तर शोधावा लागत होता. वाढत्या वयात ते असेच विरतात. घरी परतले तेव्हा क्लाउनफिशची मादी टाकीच्या मधोमध होती.