मे महिन्याला पुरून उरणारं ऑर्किड

ऑर्किड म्हटलं की सह्याद्रीतलं धुकं आठवतं, नाहीतर सिक्कीम. पण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या आपल्या नागपूर जिल्ह्यातही रानटी ऑर्किड आहेत. पेंचच्या जंगलात जुन्या मोहाच्या खोडाकडे मान वर करून बघा. चिवट, मध्ये दुमडलेल्या अरुंद पानांची जुडी दिसली, तर ती बहुधा रास्ना. शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा. उन्हाळा सरता सरता तिला फुलं येतात. पिवळट-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी रेषांची जाळी, ओठ, म्हणजे पुढची वेगळ्या आकाराची पाकळी, जांभळट, वर छान सुगंध!

पुष्कळ जण तिला बांडगूळ समजतात. हा तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ झाडात मुळं खुपसून रस ओढतं; रास्ना सालीला नुसती धरून असते. ना माती, ना झाडाचं पाणी. मग मे महिन्यात ती जगते कशावर?

तिच्या जाड, पांढुरक्या मुळांवर मृत, पोकळ पेशींचं आवरण असतं. त्याला वेलामेन म्हणतात. मृगाची सर आली की ते टिपकागदासारखं पाणी टिपतं आणि पांढरं मूळ बघता बघता हिरवं होतं, कारण ओल्या आवरणातून आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. मुळंही अन्न तयार करतात ती अशी. शिवाय रास्ना पानांची रंध्रं उघडते ती मुख्यतः रात्री. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं लावून त्याची साखर करायची, असा तिचा हिशेब.

हबेनारियासारखी जमिनीवरची ऑर्किड याहून सोपी वाट धरतात. उन्हाळाभर कंद मातीखाली, पावसाळ्यात पानं-फुलं.

माझ्या मते रास्नेची खरी परीक्षा उन्हात नाही, बियांत आहे. एका बोंडात धुळीसारख्या हजारो बिया असतात, पण त्यांच्यात अन्नाचा साठा जवळपास नसतोच. योग्य बुरशी बीमध्ये शिरून तिला पोसेल तेव्हाच अंकुर वाढतो. हे १८९९मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ओळखलं. खरबरीत, ओल धरणारी साल आणि तिथे नेमकी ती बुरशी, असा योग जुळून यावा लागतो. म्हणून जुना मोह किंवा आंबा तुटला की जागेवर नवं झाड लावून रास्ना लगेच परतत नाही.

१९२२मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर), बुरशीविना ऑर्किडच्या बिया रुजवून दाखवल्या. नर्सरीतली ऑर्किड आज काचेच्या बाटल्यांत लाखोंनी तयार होतात, ती त्याच वाटेने.