व्यावसायिक फुटबॉल स्टेडियमसाठी सार्वजनिक निधी

व्यावसायिक फुटबॉल क्लब ज्या मैदानावर तिकीट लावून मॅच खेळवतो ते मैदान बांधायला, वाढवायला किंवा सांभाळायला महापालिका, राज्य किंवा केंद्र सरकार जो पैसा घालतं त्याला सार्वजनिक निधी म्हणतात. पैसा म्हणजे नुसता चेक नाही. नाममात्र भाड्यानं दिलेली जागा, माफ केलेली घरपट्टी, गेटपर्यंत नेलेला रस्ता आणि ड्रेनेज, मॅचच्या दिवशीचा बंदोबस्त, क्लबच्या कर्जाला दिलेली हमी, हे सगळं त्यातच येतं, आणि बहुतेक वाद ह्याच न दिसणाऱ्या भागावरून होतात. अमेरिकेत ह्या खेळाला सॉकर म्हणतात, आपल्याकडं फुटबॉलच, म्हणून इथं तोच शब्द ठेवलाय.

सुरुवात कुठून झाली ह्यावर एकमत नाही. काही जण १९२३ चं लॉस एंजेलिसचं कोलिझियम पहिलं धरतात, पण ते कुठल्या एका व्यावसायिक संघासाठी बांधलेलं नव्हतं. दुसरं मत क्लीव्हलँडचं, तिथं १९२८ मधे मतदारांनी २५ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि १९३१ ला म्युनिसिपल स्टेडियम उघडलं. तिसरं मत मिल्वॉकीचं. तिथल्या काउंटीनं मोठ्या लीगची टीम यावी ह्या आशेवर स्टेडियम बांधलं आणि १९५३ मधे बोस्टनची बेसबॉल टीम उठून तिथं आली. आज ज्याला आपण "आधी स्टेडियम द्या मग टीम येते" म्हणतो तो साचा खरा मिल्वॉकीपासूनचा वाटतो, तारखेनं क्लीव्हलँड आधी असलं तरी. फुटबॉलपुरतं बघायचं तर युरोप आणि दक्षिण अमेरिका आधी धरावी लागते. मोंटेव्हिडिओचं सेंतेनारिओ १९३० च्या वर्ल्ड कपसाठी उभं राहिलं, रिओचं माराकाना १९५० साठी, दोन्ही सरकारी पैशातून. मिलानचं सान सिरो मात्र उलट्या वाटेनं गेलं, १९२६ मधे ते पिएरो पिरेल्ली ह्या उद्योगपतीनं बांधलं, १९३५ ला महापालिकेनं विकत घेतलं, आणि २०२५ मधे त्याच महापालिकेनं ते जागेसकट एसी मिलान आणि इंटर ह्या दोन्ही क्लबांना १९७ दशलक्ष युरोला विकायचं ठरवलं. म्हणजे एकच स्टेडियम खाजगी, मग सार्वजनिक, मग परत खाजगी.

आपल्याकडं ह्या यादीत कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान घालावं का असा प्रश्न निघतो. राजर्षी शाहू महाराजांनी ते १९१२ च्या सुमारास पूर्ण केलं, पैसा संस्थानचा होता. पण संस्थानच्या खजिन्यातून राजानं दिलेला पैसा आणि करदात्यांच्या प्रतिनिधींनी हात वर करून मंजूर केलेला पैसा ह्यात फरक आहे, म्हणून ते राजाश्रयाखाली घेणं जास्त बरोबर. ह्या नोंदीचा सगळा जीवच त्या हात वर करण्यात आहे.

अमेरिकेतली पद्धत नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण जगभर तिचीच उदाहरणं दिली जातात आणि तिची खोच कोणी सांगत नाही. तिथल्या शहरांनी काढलेल्या कर्जरोख्यांवरच्या व्याजाला केंद्राचा इन्कम टॅक्स लागत नाही, म्हणून गुंतवणूकदार कमी व्याज घेऊनही ते घेतात आणि शहराला कर्ज स्वस्त पडतं. १९६८ च्या कायद्यानं खेळाच्या सुविधांना ही सवलत स्पष्टपणे दिली होती. पुढं १९८६ च्या करसुधारणेत ती यादीतून काढली, हेतू हाच की खाजगी क्लबांच्या स्टेडियमला केंद्राची सूट मिळू नये. पण नियम असा लिहिला गेला की दोन कसोट्या एकाच वेळी लागू झाल्या तरच सूट जाते. पहिली कसोटी, जागेचा १० टक्क्यांहून जास्त वापर खाजगी धंदा करतो का. दुसरी, कर्जफेडीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसा त्या खाजगी धंद्याकडून येतो का. स्टेडियममधे क्लबच खेळतो म्हटल्यावर पहिलीत सगळेच सापडतात. मग सूट वाचवायची तर दुसरीतून निसटायचं, म्हणजे क्लबकडून भाडं कमी घ्यायचं आणि कर्जाचे निदान ९० टक्के हप्ते शहरानं हॉटेल टॅक्स, सेल्स टॅक्स नाहीतर सर्वसाधारण तिजोरीतून भरायचे. ज्या नियमानं क्लबाला मिळणारी मदत थांबायची होती त्याच नियमामुळं भाडं कमी ठेवणं शहराच्या फायद्याचं झालं. २०१६ मधे ब्रुकिंग्ज संस्थेच्या अभ्यासात २००० सालापासूनची अशा रोख्यांवरची ३६ स्टेडियम मोजली (सगळे खेळ धरून) आणि केंद्राकडून मिळालेली सवलत साधारण ३.२ अब्ज डॉलर भरली. आपल्याकडं म्युनिसिपल बाँड, म्हणजे पालिकेचे कर्जरोखे, आहेत, अहमदाबादनं १९९८ मधे काढले, पुण्यानं २०१७ मधे पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे काढले, पण ही अमेरिकन कसरत इथं जशीच्या तशी लागू होत नाही, तेव्हा तिकडचा आकडा उचलून इकडं चिकटवू नये.

अमेरिकेतली फुटबॉलची (म्हणजे सॉकरची) लीग, मेजर लीग सॉकर, १९९६ ला सुरू झाली तेव्हा टीम भाड्याच्या मोठ्या मैदानांवर खेळायच्या. कोलंबसमधे १९९७ मधे कराचा प्रस्ताव मतदारांनी पाडला, मग मालक लामार हंट ह्यांनी साधारण २ कोटी ८५ लाख डॉलर स्वतःचे घालून १९९९ ला स्टेडियम उभं केलं, लीगसाठी खास फुटबॉलचं म्हणून बांधलेलं ते पहिलं. सेंट लुईसमधे एप्रिल २०१७ ला मतदारांनी ६ कोटी डॉलरचा प्रस्ताव नाकारला, तरी पुढं काही वर्षांत मुख्यतः खाजगी पैशातून स्टेडियम झालंच. ह्या दोन उदाहरणांवरून "नाही म्हटलं तर टीम जाते" ही धमकी दरवेळी खरी नसते एवढं म्हणता येतं. उलट बाजूला ब्रिजव्ह्यू. शिकागोजवळचं जेमतेम १६ हजार वस्तीचं गाव, आपल्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढं, त्यांनी कर्ज काढून २००६ मधे स्टेडियम बांधलं, कर्जाचे हप्ते पेलेनात म्हणून घरांवरचा टॅक्स वाढत गेला, आणि २०१९ मधे शिकागो फायर हा क्लब ६ कोटी ५५ लाख डॉलर देऊन करारातून मोकळा झाला आणि शहरात परत गेला. स्टेडियम आणि कर्ज गावातच राहिलं. पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टरनं नदीकाठी २०१० मधे स्टेडियम घेतलं, राज्याचा आणि काउंटीचा पैसा होता, शहर २०२२ मधे दिवाळखोरीत गेलं. दिवाळखोरीची कारणं बरीच होती, पेन्शन हे त्यातलं मोठं, सगळं स्टेडियमवर टाकणं बरोबर नाही, पण स्टेडियममुळं शहर सावरेल असं जे सांगितलं गेलेलं ते झालं नाही.

अर्थतज्ज्ञ ह्या बाबतीत नेहमीपेक्षा जास्त एकमतात आहेत. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट ह्यांनी १९९७ मधे मांडलेला निष्कर्ष, की स्टेडियममुळं शहराचं उत्पन्न आणि रोजगार म्हणण्यासारखे वाढत नाहीत, पुढच्या बहुतेक अभ्यासांत टिकलाय. कारण सोपं आहे आणि सोलापूरकराला गड्ड्याच्या यात्रेवरून लगेच कळेल. संक्रांतीला होम मैदानावर जे पाळणे आणि स्टॉल लागतात तिथं अक्कलकोट, विजापूर, कलबुर्गीकडची माणसं येऊन खर्च करतात, तो पैसा बाहेरून येतो. पण अशोक चौकातला माणूस शनिवारी मॅचला ३०० रुपये घालवतो तेव्हा ते ३०० रुपये तो एरवी सात रस्त्याला जेवायला किंवा पिक्चरला घालवणारच होता, शहरातला पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. त्यात खेळाडूंचा पगार बाहेर जातो. विरोधी मत मानणारे अभिमान, ओळख, पोरं खेळायला लागणं असे मुद्दे मांडतात, ते खोटे नाहीत, फक्त ते मोजताना जेवढे भरतात त्यापेक्षा मदत सहसा बरीच जास्त असते.

युरोपात सरकारी मदतीवर स्पर्धा कायद्याचा चाप आहे, युरोपियन कमिशननं २०१६ मधे रेआल माद्रिद, बार्सिलोनासकट सात स्पॅनिश क्लबांविरुद्ध निर्णय दिले, त्यातले काही पुढं कोर्टात फिरले. लंडनमधे ऑलिम्पिकचं स्टेडियम फुटबॉलसाठी बदलायला ३२.३ कोटी पौंड लागले, त्यात वेस्ट हॅम क्लबाचा वाटा दीड कोटी आणि वर्षाचं भाडं साधारण २५ लाख पौंड, करार ९९ वर्षांचा.

भारतात चित्र वेगळं आहे, कारण इथं क्लबासाठी म्हणून स्टेडियम बांधलेलं क्वचितच दिसतं, आधीच सरकारी असलेलं मैदान क्लब भाड्यानं घेतो. कोलकात्याचं सॉल्ट लेक (१९८४) राज्य सरकारचं, कोचीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम तिथल्या विकास प्राधिकरणाचं, अंधेरीचं मैदान मुंबई महापालिकेच्या संकुलातलं, तिथं २०१६ पासून मुंबई सिटी खेळतो. पुण्याजवळ बालेवाडी १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी राज्याच्या पैशातून झाली, २०१४ पासून एफसी पुणे सिटी तिथं खेळला, २०१९ ला तो क्लब बंद होऊन त्याची जागा हैदराबादला गेली. मैदान आहे तिथंच आहे. कोल्हापूरचा मामला सगळ्यात निराळा, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या टीम शाहू स्टेडियमवर खेळतात आणि गॅलरी भरते, ते मैदान कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं आहे. आधी पेठापेठांत खेळ होता, मग गॅलरी भरली, हा क्रम महत्त्वाचा.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मधे पाणी, गटारी, दिवाबत्ती ही कलम ६३ खालची बंधनकारक कामं आहेत, आणि बागा, खेळाची मैदानं कलम ६६ खालची ऐच्छिक. पालिकेची मिळकत भाड्यानं द्यायची तर कलम ७९ प्रमाणं बाजारभावापेक्षा कमी घेता येत नाही, त्यामुळं अमेरिकेसारखं "वर्षाला एक डॉलर" इथं सहज जमत नाही, निदान कागदावर तरी. राज्याची क्रीडा संकुलाची योजना वेगळी, त्यात तालुका, जिल्हा, विभाग अशी उतरंड आहे, २०२२ च्या सुमारास जिल्हा संकुलाची मर्यादा ८ वरून २५ कोटी केली गेली. ती योजना शाळाकॉलेजच्या पोरांसाठी आहे, व्यावसायिक क्लबासाठी नाही.

सोलापुरात व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही. तरी हा विषय इथं परका नाही, कारण पार्क स्टेडियम आहे. नाव इंदिरा गांधी स्टेडियम, सगळे पार्कच म्हणतात, चार हुतात्म्यांच्या पुतळ्याजवळ, मालकी महापालिकेची, खेळ मुख्यतः क्रिकेट. गॅलरीच्या पोटात रस्त्याच्या अंगाला दुकानांचे गाळे आहेत, संध्याकाळी शटर वर असतात, आणि गाळ्यांचं भाडं हाच ह्या जागेचा खेळाशिवायचा हक्काचा रुपया. सोलापूर जानेवारी २०१६ मधे स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत नवव्या नंबरवर आलं, योजनेत केंद्राचे ५०० कोटींपर्यंत आणि तेवढाच वाटा राज्य व पालिकेचा, खर्च करायला वेगळी कंपनी, आणि त्याच पैशातून पार्कचं नूतनीकरण झालं. जानेवारी २०२४ मधे महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर रणजी मॅच तिथं झाली, कित्येक वर्षांनी. स्मार्ट सिटी मिशन मार्च २०२५ ला संपलं, त्यामुळं आता रोलर, माळी, लाइट बिल हे सगळं पालिकेच्या अंदाजपत्रकातून, आणि पालिकेची स्वतःची कमाई जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला तेव्हापासून घरपट्टी-पाणीपट्टी आणि जीएसटीच्या अनुदानावर उभी आहे. सार्वजनिक निधीचा खरा प्रश्न बांधकामाचा नसून ह्या रोजच्या खर्चाचा आहे असं लिहिणाऱ्याला मनापासून वाटतं, कारण बांधायला वरून पैसे येतात, पाणी मारायला येत नाहीत.

पाण्याचंच घ्या. फुटबॉलचं पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७१४० चौरस मीटर. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळ जगवायला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं, आणि हा हिशोब हात राखून केलेला आहे, तर रोज ३५,७०० लिटर लागतात. १० हजार लिटरचे साडेतीन टँकर. माणशी १३५ लिटरच्या सरकारी निकषानं ते साधारण २६४ माणसांचं एका दिवसाचं पाणी होतं, आणि ज्या शहरात उजनी धरणाची लाइन असूनही नळाला काही दिवसाआड पाणी येतं, बायका रात्री उठून बॅरल भरतात, तिथं हा आकडा टेंडरच्या पहिल्या पानावर असायला पाहिजे. सांडपाणी शुद्ध करून मैदानाला वापरता येतं, पण मग त्या प्रक्रिया केंद्रापासून मैदानापर्यंतच्या पाइपलाइनचा खर्चही स्टेडियमच्या खात्यात धरावा लागतो, रस्ते विभागाच्या खात्यात ढकलून चालत नाही.

मंजुरी कोण देतं हाही भाग आहे. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपल्यावर पालिकेवर प्रशासक होते, त्या काळात स्थायी समिती नाही, जीबी (सर्वसाधारण सभा) नाही, म्हणजे मोठ्या खर्चाला आयुक्तांचा ठराव पुरेसा होता. सेंट लुईसला मतपेटीतून नाही म्हणता आलं, आपल्याकडं एखाद्या स्टेडियमवर थेट मतदान घ्यायची पद्धतच नाही, त्यामुळं वॉर्डातल्या माणसाला बोलायची जागा म्हणजे अंदाजपत्रकाची सभा आणि हरकती-सूचनांची मुदत, बस. हल्ली शहरात खाजगी टर्फ निघालेत, तासावर भाडं, पोरं वर्गणी काढून रात्री खेळतात. त्यांची वर्गणी सार्वजनिक निधीत कुठंच मोजली जात नाही, पण सोलापुरात फुटबॉलवर नियमितपणे पैसा घालणारी माणसं बघायची झाली तर तीच सापडतात.