कंटेनर इंजिन (लिनक्सवर बसवणे)

लिनक्स मशीनवर डॉकर, पॉडमन यांसारखे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून प्रोग्रॅम एकमेकांपासून अलग डब्यांत चालवण्याची सोय करणे. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराकडे निघालेल्या ट्रेलरमागे उरणच्या रस्त्यावर रखडलेल्या नवी मुंबईकराला ‘कंटेनर’ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. उपमा एका ठिकाणी मात्र लंगडी पडते : हे सगळे डबे मशीनच्या एकाच कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, चालतात. कप्पे पाडतो तोही कर्नलच. त्यातल्या नेमस्पेस एका प्रोग्रॅमला दुसरा दिसू देत नाहीत आणि २००८ पासून कर्नलमध्ये असलेले सीग्रुप मेमरी-प्रोसेसरचा वाटा ठरवतात. २०१३ साली आलेल्या डॉकरने ही यंत्रणा वापरायला सोपी केली.

उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधी नावाचा घोळ निस्तरावा लागतो. उबंटू ज्यावर बेतले आहे त्या डेबियनमध्ये सिस्टिम ट्रेचे (पडद्याच्या कडेच्या छोट्या आयकॉनांचे) एक छोटे पॅकेज ‘डॉकर’ नाव अडवून बसले होते, म्हणून कंटेनरवाल्या डॉकरला ‘डॉकर डॉट आयओ’ म्हणावे लागले. डॉकर कंपनीच्या रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या ऑनलाइन कोठारात) तेच ‘डॉकर-सीई’ नावाने मिळते. दोन्ही एकत्र नांदत नाहीत. आधीचे ‘डॉकर डॉट आयओ’ काढायचे, कंपनीची जीपीजी की (पॅकेज अस्सल आहे का हे तपासणारी किल्ली) व रिपॉझिटरी जोडायची, मग ॲप्ट या इन्स्टॉल करणाऱ्या कमांडने ‘डॉकर-सीई’ बसवून ‘हॅलो-वर्ल्ड’ हा चाचणीचा कंटेनर चालवून पाहायचा.

इथे बहुधा ‘परमिशन डिनाइड’ येते. युजरला ‘डॉकर’ ग्रुपमध्ये घालून लॉगआउट-लॉगिन केले की चालते. पण त्या ग्रुपमध्ये घालणे म्हणजे जवळजवळ रूटची, म्हणजे मशीनवर सर्वाधिकार असलेल्या युजरची, किल्ली देणे, हे घाईत कोणी लक्षात घेत नाही. पॉडमनला डेमन, म्हणजे पडद्यामागे कायम चालणारा प्रोग्रॅम, लागत नाही आणि तो साध्या युजरच्या हक्कांतही चालतो.

खरा त्रास नेटवर्कचा. डॉकर आपल्या ब्रिजसाठी (डब्यांना जोडणाऱ्या आभासी नेटवर्कसाठी) सहसा १७२.१७ ने सुरू होणारे पत्ते घेतो आणि ऑफिसचे सर्व्हरही त्याच पत्त्यांवर असू शकतात. महापे एमआयडीसीतल्या एका ऑफिसात या नोंदलेखकाचा अख्खा दिवस त्यात गेला. इंटरनेट सुरळीत, डॉकर सुरळीत, फक्त ऑफिसचा सर्व्हर गायब. पिंगला (सर्व्हर ओ देतो का ते पाहणाऱ्या कमांडला) ‘होस्ट अनरीचेबल’ असे उत्तर येत होते, तेही १७२.१७.०.१ कडून, म्हणजे आपल्याच लॅपटॉपकडून! डॉकरच्या सेटिंगच्या ‘डेमन डॉट जेसन’ फाइलमध्ये ‘बिप’ (ब्रिजचा पत्ता) या नोंदीपुढे दुसरा, मोकळा पत्ता लिहून डॉकर रीस्टार्ट केल्यावर सर्व्हर दिसू लागला.