तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे औषध

मूत्रपिंड किंवा यकृत बसवले की रुग्णाची प्रतिकारशक्ती त्या परक्या अवयवावर तुटून पडेल, ही भीती असते. रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारात दात्याच्या मूलपेशी, म्हणजे हाडांतल्या मज्जेत नवे रक्त तयार करणाऱ्या पेशी, दिल्या जातात तेव्हा धोका नेमका उलट बाजूने येतो. या पेशी पिशवीतून, रक्त चढवावे तशाच, शिरेवाटे रुग्णाच्या शरीरात जातात. पण त्या पिशवीत एकट्या मूलपेशी नसतात, दात्याच्या पूर्ण वाढ झालेल्या टी पेशी, म्हणजे परक्यांवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशीही असतात. केमोथेरपीने रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती आधीच मोडून काढलेली असल्यामुळे त्याचे शरीर त्यांना रोखू शकत नाही, आणि टी पेशींना मात्र आजूबाजूच्या सगळ्याच ऊती परक्या वाटतात. मग त्या कातडी, यकृत आणि आतडी यांवर हल्ला चढवतात. या आजाराला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज म्हणतात; वॉर्डात सगळे त्याला जीव्हीएचडी म्हणूनच ओळखतात.

सौम्य असेल तर तळहात-तळपायांवर लाल पुरळ येऊन भागते. तीव्र झाला तर कातडी भाजल्यासारखी सुटते, कावीळ होते आणि दिवसाला काही लिटर पाण्यासारखे जुलाब होतात. हाच आजार पुढे काही महिन्यांनी जुनाट रूपात आला तर डोळे कोरडे पडतात, कातडी ताठरते, फुप्फुसांची क्षमता घटते. एकदा तीव्र जीव्हीएचडी उफाळला की पहिला उपाय स्टिरॉइडचा, आणि त्याला पुरेसा प्रतिसाद निम्म्याच्या आसपास रुग्णच देतात. म्हणूनच प्रत्यारोपण करणारे डॉक्टर उपचारापेक्षा प्रतिबंधावर अधिक जोर देतात, आणि ही तयारी पेशींची पिशवी लावण्याआधीच सुरू झालेली असते.

टी पेशीच गुन्हेगार असतील, तर त्या पिशवीतून काढूनच का टाकू नयेत? हा प्रश्न कोणालाही सुचेल, आणि १९८० च्या दशकात संशोधकांनी तेच केले. जीव्हीएचडी खरोखरच पुष्कळ कमी झाला. पण नव्या पेशी रुजेनाशा झाल्या आणि रक्ताचा कर्करोग उलटण्याचे, म्हणजे परत येण्याचे, प्रमाण वाढले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या, पूर्ण जुळणाऱ्या भावंडांकडून प्रत्यारोपण झालेल्या २,२५४ रुग्णांच्या अभ्यासाने याचे कारण स्पष्ट केले. ज्यांना जीव्हीएचडी झाला होता, त्यांच्यात कर्करोग कमी वेळा उलटला. उलट ज्यांना टी पेशी काढलेली मज्जा मिळाली, किंवा ज्यांचा दाता हुबेहूब जुळा भाऊ वा बहीण होता, त्यांच्यात तो अधिक वेळा उलटला. म्हणजे कातडी सोलणाऱ्या आणि केमोथेरपीतून वाचलेल्या कर्करोगपेशींना टिपणाऱ्या पेशी एकाच कुळातल्या. माझ्या मते या क्षेत्रातला सगळा पेच या एका अभ्यासात सामावला आहे: टी पेशी हव्यात, पण त्यांतल्या काही नकोत, आणि कोणत्या नकोत हे पिशवीकडे पाहून ओळखता येत नाही.

त्यामुळे आधी मधला मार्ग निघाला. पेशी ठेवायच्या, पण औषधांनी दबवायच्या. सिक्लोस्पोरिन हे औषध नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीतून आले. टी पेशीला चिथावणी मिळाली तरी तिने दुसऱ्या पेशींना हाक देऊ नये, अशी व्यवस्था ते करते. त्याच्या जोडीला मेथोट्रेक्सेट, म्हणजे वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारणारे जुने केमो औषध, अगदी थोड्या मात्रेत देतात. पेशी चढवतात तो दिवस शून्य धरला, तर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या दिवशी. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले की एकट्या सिक्लोस्पोरिनवर ५४ टक्के रुग्णांना मध्यम ते तीव्र जीव्हीएचडी झाला, तर ही जोडी दिल्यावर ३३ टक्क्यांना. पुढे सिक्लोस्पोरिनच्या जागी बहुतेक ठिकाणी टॅक्रोलिमस आले, पण आराखडा तोच राहिला. मेथोट्रेक्सेटची किंमत तोंडातल्या फोडांनी चुकवावी लागते. अकराव्या दिवसाच्या आसपास पाण्याचा घोटही गिळवत नाही, अशी अनेकांची अवस्था असते.

या जोडीची ताकद चांगल्या जुळणीपुरती पुरते. ऊतींची जुळणी एचएलए नावाच्या जनुकांवर ठरते, आणि सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन मुलांच्या कुटुंबात याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. अर्धी जुळणी मात्र जवळपास प्रत्येकाला घरातच मिळते: आई, वडील, मुलगा, मुलगी हे सगळे किमान अर्धे जुळतातच, आणि भावंडांपैकीही निम्मी. परंतु अर्ध्या जुळणीवर टी पेशी इतक्या खवळत की अनेक वर्षे हा मार्ग बंदच मानला जात होता.

तो उघडला सायक्लोफॉस्फामाइडने, म्हणजे १९५० च्या दशकातल्या एका साध्या, स्वस्त केमो औषधाने. प्रत्यारोपणाच्या आधी रुग्णाची मज्जा रिकामी करायला ते दिले जातच होते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, प्राण्यांवरच्या जुन्या प्रयोगांचा धागा पकडून, ते प्रत्यारोपणाच्या नंतर देऊन पाहिले गेले: वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅम, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी. साठ किलोच्या माणसाला हे रोज तीन ग्रॅम होतात. नुकत्याच चढवलेल्या पेशींवर केमोचा असा मारा करणे ऐकायला वेडेपणाचे वाटते. पण त्या वेळी नेमके काय चाललेले असते ते पाहा.

पहिल्या दोन दिवसांत, रुग्णाच्या ऊतींना परके मानणाऱ्या टी पेशी जाग्या होतात आणि झपाट्याने विभागू लागतात. बाकीच्या टी पेशी, ज्यांना चिडण्यासारखे काही दिसलेले नसते, तुलनेने शांत असतात. मूलपेशींकडे तर अल्डिहाइड डिहायड्रोजनेज हे विकर भरपूर असते, आणि ते सायक्लोफॉस्फामाइडला निष्प्रभ करते. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशीही याच विकराच्या आधाराने वाचतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी उपद्रवी पेशी स्वतःच्या वागण्यानेच उघड्या पडलेल्या असतात. औषध त्या सगळ्यांना ठार करते, असे आधी समजले जाई. अलीकडच्या उंदरांवरच्या प्रयोगांवरून दिसते की काही उरतात, पण पांगळ्या होऊन, आणि पुढे नियामक पेशी त्यांना आवरून धरतात.

या जागेपणाची खूण वॉर्डात थर्मामीटरवर दिसते. अर्ध्या जुळणीच्या प्रत्यारोपणानंतर, विशेषतः पेशी रक्तातून गोळा केलेल्या असतील तर, पहिल्या-दुसऱ्या दिवशी अनेकांना १०२-१०३ अंश ताप भरतो. प्रतिजैविके चालू होतात, रक्त कल्चरला जाते, आणि बरेचदा त्यात काहीच उगवत नाही. स्टिरॉइडचे एक इंजेक्शन दिले तर ताप उतरेल, हे डॉक्टरांना ठाऊक असते, तरी शक्य तोवर ते हात आवरतात. कारण स्टिरॉइडने टी पेशी थंडावतील, विभागणी थांबेल, आणि चौथ्या दिवसापर्यंतचे औषध त्यांना ओळखणार नाही. टॅक्रोलिमसही म्हणूनच या पद्धतीत पाचव्या दिवसापर्यंत थांबवतात. नातेवाइकांना ही दोन रात्रींची वाट पाहणे फार जड जाते, आणि त्यामागचे कारण आधी समजावून सांगितले नसेल तर ते निष्काळजीपण वाटू शकते.

पुढे हीच पद्धत जुळणाऱ्या दात्यांसाठीही तपासली गेली. अमेरिकेतल्या ४३१ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला. वर्षभरात गंभीर जीव्हीएचडी, कर्करोगाची उलटी खेप आणि मृत्यू या तिन्हींतून सुटलेले रुग्ण सायक्लोफॉस्फामाइडच्या गटात ५२.७ टक्के होते, तर टॅक्रोलिमस-मेथोट्रेक्सेटच्या जुन्या जोडीवर ३४.९ टक्के. जगण्याच्या एकूण प्रमाणात मात्र दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही, आणि जंतुसंसर्ग नव्या पद्धतीत थोडे अधिक झाले. मूत्राशयातून रक्तस्राव हा या औषधाचा जुना दोष. त्यासाठी मेस्ना नावाचे संरक्षक औषध आणि भरपूर सलाइन सोबत द्यावे लागते.

सशाच्या शरीरात तयार केलेली अँटीथायमोसाइट ग्लोब्युलिन नावाची प्रतिद्रव्येही वापरली जातात, विशेषतः जुनाट जीव्हीएचडी टाळण्यासाठी. संधिवातावरचे अबाटासेप्ट हे डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत याच प्रतिबंधासाठी मान्यता मिळालेले पहिले औषध. पण भारतात, जिथे पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले, सायक्लोफॉस्फामाइडचे महत्त्व आणखी एका कारणाने मोठे आहे: औषध स्वस्त आहे आणि दाता घरातच असतो. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांबाबत हिशेब थोडा वेगळा पडतो. तिथे टिपायला कर्करोगपेशीच नसतात, त्यामुळे जीव्हीएचडीचा फायदा शून्य, आणि तो जितका दाबता येईल तितका दाबणेच योग्य.

एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. रक्त चढवताना त्यातही टी पेशी असतात, म्हणून अशा रुग्णाच्या रक्ताच्या पिशव्यांवर किरणोत्साराची प्रक्रिया केलेली असावी लागते; ती निर्जंतुक करण्यासाठी नव्हे, तर टी पेशींची विभागणी थांबवण्यासाठी. जवळच्या नातेवाइकाचे रक्त प्रेमाने दिले जाते, पण याच बाबतीत ते अधिक धोक्याचे: जनुकांचे साम्य असल्यामुळे रुग्णाचे शरीर त्या पेशींना हटकत नाही.

घरी गेल्यावर टॅक्रोलिमस काही महिने चालते आणि मग हळूहळू उतरवले जाते. कर्करोग उलटण्याची भीती जास्त असेल तर लवकर. बुरशीविरोधी काही औषधे त्याची रक्तातली पातळी वाढवतात, म्हणून नवी गोळी सुरू करण्यापूर्वी विचारून घ्यावे. आणि पातळीच्या तपासणीला जायचे त्या सकाळी गोळी न घेता रक्त द्यावे, मगच ती घ्यावी. नाहीतर अहवालात आकडा फुगलेला दिसतो आणि विनाकारण मात्रा कमी केली जाते.